मुलांची बाथरूम: ठाण्यात करून घेतलेल्या कामाबद्दल

पोखरण रोड नंबर दोनवरच्या आमच्या सोसायटीला वीस वर्षं होऊन गेली. फ्लॅटमधली कॉमन बाथरूम बिल्डरने दिली तशीच होती. गुळगुळीत लाद्या, दाराला आतून कडी आणि कमोडशेजारच्या कोपऱ्यात कायम साचलेलं पाणी. ही बाथरूम वापरतात आमची थोरली, वय सात, धाकटा, वय तीन, आणि दोघांच्या आंघोळी उरकणाऱ्या माझ्या सासूबाई. त्यात खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छताला ओल धरली. म्हणजे लादी फोडायची होतीच. मग नुसतं गळतीचं काम न करता बाथरूम मुलांच्या हिशेबाने नव्याने करायची, असं घरात ठरलं.

काम केलं ते कंत्राटदार मानपाड्याचे. हातात कामं पुरेशी आहेत, जाहीर नाव लिहू नका, असं त्यांनीच सांगितलंय. त्यामुळे नाव लिहीत नाही. पण काम इतकं विचारपूर्वक झालंय की त्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं. घोडबंदर पट्ट्यात आणि जुन्या ठाण्यात आता पंधरा-वीस वर्षांच्या इमारतींत बाथरूमची कामं निघतायत, त्यांना उपयोग होईल.

पहिल्या भेटीतच मला माणूस पटला, कारण त्यांनी भिंती मोजण्याआधी मुलांना मोजलं. टेप काढला आणि थोरलीला म्हणाले, "सरळ उभी राहा बाळा, आता नळ सोडतेस तसा हात कर." डोक्यापर्यंतची उंची, कोपरापर्यंतची उंची, वर केलेला हात कुठे पोचतो, सगळं पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतलं. धाकट्याचंही तसंच. मग सासूबाईंना म्हणाले, "आई, तुम्ही नातवाला आंघोळ कशी घालता ते जरा दाखवा." सासूबाई पाटावर बसल्या, बादली डावीकडे, मूल समोर उभं. उठताना त्यांनी हात नळावर टेकवला. ते कंत्राटदारांनी बघितलं आणि म्हणाले, "हा नळ एक दिवस हातात येणार. इथे दांडा लागेल."

याआधी एका इंटिरिअरवाल्या कंपनीकडून आम्ही अंदाजपत्रक घेतलं होतं. त्यांचं थ्रीडी चित्र देखणं होतं. भिंतभर कार्टूनच्या टाइल्स, बुटकं बेसिन, बुटका कमोड आणि एक बाथटब. साध्या टबालाही दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, ते पाणी टबात ओतायचं? आणि बुटकं बेसिन अजून तीन-चार वर्षांनी काय करायचं, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. आमच्या कंत्राटदारांचं म्हणणं सरळ होतं. भिंतीत आणि जमिनीत बसतं ते पंधरा-वीस वर्षांचं करायचं. मुलांच्या वयाचं जे काही असेल ते स्क्रू काढला की निघालं पाहिजे.

आता जमिनीखालचं काम. ते दिसत नाही, पण पैसा तिथेच लावावा असं माझं ठाम मत झालंय. जुनी लादी आणि खालचा सगळा कोबा पार स्लॅबपर्यंत काढला. गंजलेले पाइप गेले, गरम-गारसाठी सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपांची, नवी लाइन आली. नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीवरच्या जाळीखालचं सांडपाण्याचं वळण, बदलला. जुन्या ट्रॅपमध्ये पाणी टिकतच नव्हतं, त्यामुळे वास आणि झुरळं दोन्ही वर यायची. ट्रॅपच्या वळणात दोन इंच तरी पाणी कायम उभं राहिलं पाहिजे, गटाराची हवा त्यानेच अडते, हे मला त्यांनी ट्रॅप हातात धरून दाखवलं. मग कोपऱ्यांना सिमेंटचे गोल वाटे (जमीन आणि भिंत मिळते तिथली गोलाई), स्लॅबवर आणि भिंतीवर फूटभर उंचीपर्यंत वॉटरप्रूफिंगचे हात, आणि वाळल्यावर ट्रॅपला बूच मारून पाणी भरून ठेवलं. अठ्ठेचाळीस तास. एका दिवसात सोडू का, असं प्लंबर विचारत होता, पण कंत्राटदारांनी ऐकलं नाही. खालच्या काकांना घेऊन त्यांच्या बाथरूममध्ये टॉर्च मारून छत बघितलं, काका "कोरडं आहे" म्हणाले तेव्हाच पाणी सोडलं. दुरुस्तीनंतर शेजाऱ्यांशी संबंध टिकवायचे असतील तर ही चाचणी खालच्या माणसाच्या डोळ्यांदेखत करून घ्या.

उताराबद्दल तर मी त्यांना मानलं. आमची बाथरूम सात फूट लांब. एवढ्या लांबीत साधारण एक इंच उतार हवा, म्हणजे ऐंशीला एक. त्याहून कमी असेल तर पाणी रेंगाळतं, फार जास्त झाला तर स्टूल डुगडुगतं. लादी बसल्यावर त्यांनी अर्धी बादली पाणी दाराकडच्या कोपऱ्यात ओतलं आणि उकिडवे बसून बघत राहिले. सगळं पाणी जाळीकडे गेलं, फक्त कमोडच्या पुढे तळहाताएवढं डबकं राहिलं. लादी बसवणारा कडिया म्हणाला, हे सुकेल. कंत्राटदारांनी डबक्याभोवती पेन्सिलने रेघ मारली आणि त्या दोन लाद्या काढायला लावल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवल्या, पुन्हा पाणी ओतलं. साबणाच्या पाण्याचं तळहाताएवढं डबकं म्हणजे पळत येणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाचं डोकं फुटायची जागा, हे त्या माणसाला कळत होतं.

लाद्या घ्यायला आम्ही घोडबंदर रोडवरच्या एका दुकानात गेलो. माल बहुतेक गुजरातमधल्या मोरबीचा. दुकानदार "अँटिस्किड आहे, आर १० आहे" एवढंच म्हणत होता. या आकड्याबद्दल आमच्या कंत्राटदारांनी जे सांगितलं ते मी नंतर तपासूनही पाहिलं. आर ९, आर १० हे जर्मन मानकातले आकडे. ते ठरवताना उतरत्या फळीवर तेल टाकतात आणि बूट घातलेला माणूस त्यावर चालवतात. कारखाना, हॉटेलचं स्वयंपाकघर अशा जागांसाठी ती चाचणी ठीक. अनवाणी पायांसाठी वेगळी चाचणी आहे, तिथे साबणाचं पाणी वापरतात आणि दर्जा ए, बी, सी असा देतात. बाथरूमला खरं तर तो दर्जा बघायला हवा, पण आम्ही चाळलेल्या कॅटलॉगांत तो छापलेलाच नव्हता. मग त्यांनी दुकानातच बादलीभर पाणी आणि शाम्पूची पुडी मागितली, चार नमुने जमिनीवर ठेवले, ओले केले आणि थोरलीला चप्पल काढून त्यावर उभं केलं, तिचा हात स्वतः धरून. कुठली लादी सरकते ते पोरीने एका मिनिटात सांगितलं. दुकानदाराने कुरकुर न करता हे सगळं करू दिलं, नंतर फडकंही स्वतः मारलं. त्याचं कौतुक वाटलं.

घेतली ती फूट बाय फूटची, राखाडी, मॅट लादी. मोठ्या लाद्यांची फॅशन आहे, पण लादी लहान असली की सांधे जास्त, पायाला पकड जास्त, आणि उतारही नीट काढता येतो. खूप खरखरीत नको, तिच्यात मळ बसतो आणि मुलांचे गुडघे सोलवटतात. सांध्यात इपॉक्सी ग्राउट. साध्या सिमेंटच्या ग्राउटपेक्षा बरंच महाग पडतं, पण पाणी पीत नाही आणि पावसाळ्यात सहसा काळं पडत नाही. भिंतींना साध्या पांढऱ्या टाइल्स. थोरलीला जांभळा रंग हवा होता. तो टॉवेलच्या खुंट्यांत, पडद्यात, स्टुलात आणि मगात आला. खुंट्या तीन फुटांवर आहेत. पोर आता आपला टॉवेल आपण टांगते, कारण हात पोचतो.

गरम पाण्याबद्दल थोडं लांबण लावते, कारण याच गोष्टीची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. साठ अंशांचं पाणी मोठ्या माणसाच्या कातडीलाही पाचेक सेकंदांत गंभीर भाजतं. लहान मुलांची कातडी पातळ, त्यांना त्याहून लवकर. पाणी एकोणपन्नास-पन्नास अंशांचं असेल तर तेवढंच भाजायला काही मिनिटं लागतात, म्हणजे मूल बाजूला ओढायला वेळ मिळतो. आणि आपल्याकडे गीझर साधारण साठ किंवा त्याहूनही वर लावलेला असतो. लवकर भागतं म्हणून.

मी वाचून ठेवलं होतं की थर्मोस्टॅटिक मिक्सर बसवावा, त्यात अडतीस अंश लावले की तेवढंच पाणी येतं. कंत्राटदारांनी नकार दिला आणि कारण दिलं. आमचा मजला सहावा, इमारत सात मजली, टाकी गच्चीवर. टाकीतलं पाणी आणि आमचा शॉवर यांच्यात सहा-सात मीटरचा फरक. दहा मीटर उंच पाण्याचा दाब साधारण एक बार, म्हणजे आमच्याकडे तोही पुरता नाही. तसले बहुतेक मिक्सर चांगले चालायला एक बार तरी लागतो. प्रेशर पंप बसवला तर चालेल, पण सोसायटीची परवानगी, आवाज, वीज, सगळं मागे लागणार. "वहिनी, पंचवीस हजारांची वस्तू लावून धार करंगळीएवढी येणार, मग तुम्हीच मला शिव्या घालाल," असं म्हणाले. महागडी वस्तू विकायची संधी त्यांनी सोडली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

त्याऐवजी त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, पंधरा लिटरचा, बाहेरून तापमान कमी करता येणारा गीझर घ्यायला लावला आणि तो पन्नासच्या आसपास लावून ठेवला. दोन, सिंगल लिव्हरच्या डायव्हर्टरची, म्हणजे एकाच मुठीने गरम-गार पाणी मिसळणाऱ्या नळाची, मूठ काढली. आत कार्ट्रिजवर (पाणी मिसळणाऱ्या भागावर) दाते असलेली एक प्लास्टिकची कडी असते. ती दोन दाते फिरवून बसवली की मूठ गरमच्या टोकापर्यंत वळतच नाही, आधीच अडते. पाच मिनिटांचं काम, फुकटातलं. ही सोय बऱ्याच चांगल्या मिक्सरमध्ये असते, पण त्याआधी मला कोणी सांगितली नव्हती. मग बादलीत पाणी घेऊन स्वयंपाकघरातला थर्मामीटर घालून बघितलं, मूठ पूर्ण गरमकडे, आणि त्याच वेळी मला फ्लश करायला सांगितलं. फ्लशची टाकी भरताना थंड पाण्याचा दाब उतरतो आणि शॉवर एकदम गरम होतो, हा अनुभव आपल्या सगळ्यांच्या घरी आहे. त्यांनी फ्लशची लाइन वेगळी काढली होती, म्हणून काटा फारसा हलला नाही.

बादली-मग आम्ही ठेवलं. सासूबाईंना तेच जमतं, पाणीही कमी लागतं. पाटाऐवजी आता भिंतीलगत ग्रॅनाइटचा छोटा ओटा आहे, कडा पूर्ण गोल केलेल्या, शेजारी स्टीलचा दांडा. तो दांडा विटेत अँकरने बसवलाय, कंत्राटदार स्वतः त्याला लटकून दाखवून गेले. एक नियम मात्र त्यांनी घालून दिला आणि तो लहान मूल असलेल्या प्रत्येक घराने पाळावा. आंघोळ झाली की बादली रिकामी करून उपडी ठेवायची. रांगतं किंवा नुकतं चालू लागलेलं मूल बादलीत डोकावताना तोल जाऊन पडतं, त्याला स्वतःला बाहेर काढता येत नाही, आणि काही इंच पाणीही जीव घ्यायला पुरतं. आरडाओरडा होत नाही, त्यामुळे बाहेर कळतही नाही. म्हणून दाराला बाहेरून वर, धाकट्याचा हात पोचणार नाही अशी कडी आहे. आतली कडी काढून टाकली आणि बाहेरून नाण्याने उघडता येईल असं कुलूप बसवलं. दार आता बाहेरच्या बाजूला उघडतं, म्हणजे आत कोणी दाराला टेकून पडलं तरी आपण आत जाऊ शकतो. सासूबाईंसाठीही हे हवंच होतं.

बेसिन तीस इंचांवर. थोरलीला ते बेताचं पडतं, आणि धाकट्यासाठी आठ इंचांची पायरी आहे, बेसिनखालून ओढून काढायची. तीस वजा आठ बावीस, म्हणजे त्याच्या कोपराच्या उंचीला. पहिल्या दिवसाच्या टेपाचा हिशेब हा असा लागला. कमोड नेहमीच्या मापाचा, त्यावर मोठ्यांची आणि लहान मुलांची अशी दुहेरी सीट. पाय अधांतरी लोंबले तर मुलांना जोर करता येत नाही, म्हणून तीच पायरी कमोडपुढेही सरकवतो. हेल्थ फॉसेट उजव्या हाताला, जरा पुढे घेतलाय.

विजेचं काम त्यांच्या इलेक्ट्रिशियनने नीट केलं. गीझरचा स्विच बाहेर, सोळा अँपिअरचा, आणि आमच्या जुन्या बोर्डात नसलेला तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी. तुमची इमारत जुनी असेल तर तो आहे का बघून घ्या. वीज कुठे, अगदी माणसाच्या अंगातूनही, गळायला लागली की तो क्षणार्धात ती तोडतो. साध्या एमसीबीचं ते काम नाही.

आता तक्रारी. काम चालू असताना गणपती आले आणि माणसं कोकणात गेली. जाणारच, माझी हरकत नाही. पण ते आधी सांगायला हवं होतं. फोडलेली बाथरूम आणि दाराबाहेर वाळूच्या गोणी अशा अवस्थेत घरात गणपती बसला, पाहुणे आले, आणि मेसेजला उत्तर दुसऱ्या दिवशी. राडारोडा खाली नेण्याचे साडेसहा हजार शेवटच्या बिलात वेगळे लागले, ते अंदाजपत्रकात नव्हते. बरंच बोलल्यावर अर्धे कमी केले. लिफ्टमध्ये सिमेंट सांडलं, ते कमिटीच्या बोलण्यानंतर पुसलं गेलं. सुतारकाम सगळ्यात कच्चं. बेसिनखालचं कपाट पीव्हीसी बोर्डाचं आहे, फुगणार नाही, पण पायरी ज्यावर सरकते ते चॅनेल अडकतं आणि त्यात बोट चेमटण्याची भीती आहे. आम्ही ते चॅनेल काढून पायरी सुटीच ठेवलीय, खाली रबराचे बूच लावून. एक्झॉस्ट पंख्याचा आवाजही जास्त आहे. पण तो बंद करायचा नाही असं घरात ठरलंय, कारण ठाण्याच्या पावसाळ्यात त्याच्याशिवाय टॉवेल वाळत नाहीत आणि छताला बुरशी धरते.

खर्च सगळा मिळून दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास गेला, त्यात लाद्या, नळ, गीझर, सगळं आलं. त्या कंपनीचं अंदाजपत्रक याच्या दीडपट होतं आणि त्यात कोबा काढण्याचा उल्लेख नव्हता, जुन्या लादीवरच नवी लादी चिकटवणार होते. आमच्याकडे गळती असताना.

काम संपल्यावर कमोडच्या बुडाशी सिलिकॉन एका बाजूने सुटलं. फोन केला, त्या आठवड्यातच माणूस पाठवला, पैसे घेतले नाहीत. वॉटरप्रूफिंगची पाच वर्षांची हमी त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलीय. तोंडी हमी कोणाचीच धरू नका. अंदाजपत्रक घेताना त्यात या गोष्टी लिहून घ्या: कोबा स्लॅबपर्यंत काढणार का, पाणी किती तास भरून ठेवणार, राडारोड्याचे पैसे धरलेत का, सणासुदीला काम किती दिवस बंद राहील.

हे कंत्राटदार कोपरीपासून कासारवडवलीपर्यंत कामं घेतात, नवी मुंबईत जात नाहीत. पावसाळ्यापूर्वी करायचं असेल तर जानेवारीतच बोला, नंतर त्यांच्याकडे तारीख मिळत नाही. नंबर हवा असेल तर मला खासगीत विचारा. पहिल्या भेटीच्या वेळी मुलं घरी असतील अशी वेळ द्या, आणि आंघोळ घालणारं जे कोणी घरात आहे, तेही.